आधी हवेची वाट तपासा

कपडा वाळला की नाही हे चिमटीत धरून सांगता येते, असा प्रत्येक घरातल्या जाणत्या बाईचा दावा असतो आणि वर्षातले आठ महिने तो खराही असतो. सदऱ्याची कॉलर, परकराचा नेफा आणि जीन्सच्या खिशाचे अस्तर या तीन जागा कोरड्या लागल्या की घडी घालायला हरकत नाही. पावसाळ्यात हे शास्त्र लंगडे पडते. हवाच इतकी दमट की कपडा ओला आहे की नुसता गार, हे बोटांना उमगत नाही. घडी घातली की दुसऱ्या दिवशी कपाटातून कुबट वास येतो. मानखुर्दसारख्या खाडीकाठच्या उपनगरात जाड चादर तीन-तीन दिवस दोरीवरून खाली उतरत नाही.

या अडचणीवर अमेरिकेने एक यंत्र काढले आणि पुढे त्या यंत्राला कोरडेपणा ओळखायलाही शिकवले. तसला साठेक वर्षांचा जुना ड्रायर आज कोणी दुरुस्तीला घेतला, तर बिघाड शोधण्याचा एक ठरलेला क्रम त्याला पाळावा लागतो. तोच क्रम मुंबईने शंभर वर्षांपूर्वी घरबांधणीत शिकला होता आणि मानखुर्दपर्यंत येता येता तो विसरला. म्हणून सुरुवात यंत्रापासून करू.

नॉर्थ डकोटातल्या जे. रॉस मूर यांनी १९१५च्या सुमारास एका शेडमध्ये शेगडीच्या आचेवर फिरणारे पिंप बसवले. हाडे गोठवणाऱ्या थंडीत आईला बाहेर कपडे वाळत घालावे लागू नयेत, एवढाच हेतू होता. पुढची वीसेक वर्षे ते या यंत्रात सुधारणा करत राहिले. अखेर विस्कॉन्सिन राज्यातल्या टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३८मध्ये ‘जून डे’ या नावाने ड्रायर बाजारात आणला. तिकडे जून म्हणजे लख्ख उन्हाचा महिना. आपल्याकडे त्याच महिन्यात छत्र्या बाहेर निघतात. औद्योगिक रचनाकार ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी यंत्राच्या दाराला काच बसवायला सांगितली आणि दुकानात आत भडक रंगाच्या चड्ड्या फिरत ठेवा, असा सल्ला दिला. पत्र्याच्या बंद पेटीकडे कोण पाहणार, हा त्यांचा हिशेब बरोबर ठरला.

कपडे वाळले की नाही, हे मात्र काचेतून दिसत नव्हते. सुरुवातीच्या ड्रायरना नुसता टायमर होता. अंदाज कमी पडला तर कपडे ओले निघत, जास्त झाला तर आकसलेले आणि विटलेले. १९५० आणि ६०च्या दशकांत कंपन्यांनी यावर दोन उपाय काढले. एक उष्णतेवर बेतलेला होता, दुसरा विजेवर.

एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण दोन-तृतीयांश युनिट वीज लागते. कपड्यांत पाणी आहे तोवर हीटरची बरीचशी उष्णता या कामी खर्च होते आणि बाहेर पडणारी हवा फारशी तापत नाही. पाणी संपत आले की तीच उष्णता हवेत उरते. बाहेर जाणाऱ्या हवेच्या वाटेवर बसवलेला थर्मोस्टॅट मग उघडतो आणि हीटर बंद होतो. खुबी अशी की टायमरची मोटर हीटर बंद असतानाच फिरते. कपडे ओले असतील तर थर्मोस्टॅट उघडत नाही, म्हणून टायमर जागचा हलत नाही. कपडे वाळू लागले की थर्मोस्टॅट वारंवार उघडतो आणि टायमर थोडाथोडा करत शून्याकडे सरकतो. एकही ट्रान्झिस्टर न वापरता साधलेली ही करामत आहे.

दुसऱ्या उपायाचे मूळ कापसाच्या एका गुणधर्मात आहे. टेलिफोनच्या तारांवर पूर्वी सुती धाग्याचे वेष्टन असे. दमट हवेत त्या वेष्टनातून वीज झिरपे. बेल लॅबोरेटरीजमधले मर्फी आणि वॉकर यांनी १९२८मध्ये या झिरपण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुतातला ओलावा निम्म्यावर आला तर त्याचा विद्युतरोध दुप्पट-चौपट वाढत नाही, तो शेकडो पटींनी वाढतो. निसर्गातला इतका संवेदनशील मापक फुकट मिळत असताना यंत्रकर्ते तो सोडतील कसे? ड्रायरच्या पिंपात धातूच्या दोन पट्ट्या बसवल्या. ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकला की त्यातून बारीकसा प्रवाह वाहतो आणि सर्किटमधला कपॅसिटर रिकामा होतो. कपडे वाळले की रिकामा करणारे कोणी उरत नाही. कपॅसिटर हळूहळू भरतो, ठरावीक दाबाला छोटा निऑन दिवा पेटतो, रिले ओढला जातो आणि यंत्र थांबते. ‘जास्त कोरडे’ आणि ‘कमी कोरडे’ हे बटण म्हणजे कपॅसिटर किती वेळात भरावा याची मर्यादा.

कापसातला ओलावा मोजण्याचे काम यंत्राच्याही आधीपासूनचे आहे, कारण त्यात पैसा होता. रेशीम आणि कापूस वजनावर विकले जातात, आणि त्या वजनात पाणीही भरते. फ्रान्समधल्या ल्योंमध्ये १८०५ साली रेशमातला ओलावा तपासून वजन ठरवणारे सरकारी केंद्र सुरू झाले. सुताच्या व्यापारात आजही ठरलेला हिशेब आहे: कोरड्या कापसाच्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा रास्त, त्याहून अधिक म्हणजे गिऱ्हाइकाच्या गळ्यात पाणी मारणे. मुंबईत १८५४मध्ये कावसजी दावर यांनी कापड गिरणीची कंपनी काढली. पुढे गिरणगाव उभे राहिले त्यामागे या शहराची दमट हवाही होती, कारण कोरड्या हवेत सूत तटातट तुटते. जिथे निसर्गाचा ओलावा पुरला नाही तिथे गिरण्यांनी खात्यांमध्ये पाण्याचे फवारे सोडले. १९२४मध्ये माटुंग्याला कापसाच्या तांत्रिक संशोधनाची प्रयोगशाळा निघाली. आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ती हीच. कापसात पाणी किती, याचे ज्ञान या शहराला कुणी बाहेरून आणून द्यायची गरज नव्हती.

त्या ज्ञानातली एक गोष्ट घराघरांत उपयोगी पडावी अशी आहे. सुती कपडा पूर्ण कोरडा कधीच नसतो. भोवतालच्या हवेत जितका दमटपणा, तितका ओलावा तो धरून ठेवतो. जुलैतल्या मुंबईच्या हवेत किलोभर सुती कपडे ‘वाळल्यावर’ही शंभर ग्रॅमच्या वर पाणी बाळगून असतात. पॉलिस्टरचा सदरा अर्धा टक्काही धरत नाही. पावसाळ्यात टेरिकॉटची पँट संध्याकाळी घालता येते आणि सुती पंचा मात्र दुसऱ्या दिवशीही सर्द लागतो, त्याचे कारण हे.

आता बिघाडाकडे वळू. जुन्या ड्रायरच्या तक्रारी मुख्यतः दोन: कपडे ओले असतानाच थांबतो, किंवा थांबतच नाही.

ओल्यावरच थांबत असेल आणि यंत्र पट्ट्यांचे असेल, तर पहिला संशय पट्ट्यांवर. कपडे मऊ करणाऱ्या रसायनाचा किंवा जड पाण्यातल्या क्षारांचा पातळ, न दिसणारा थर त्यांवर बसतो आणि वीज अडवतो. कपडा ओला असूनही यंत्राला कोरडा वाटतो. यंत्राचा प्लग काढून स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पट्ट्या पुसल्या की अनेकदा दुखणे तिथेच संपते. नाही संपले तर फिरत्या पिंपापासून सर्किटपर्यंत जोडणी नेणारी कडी आणि तिच्यावर टेकलेला ब्रश झिजला आहे का, हे मल्टिमीटरने पाहायचे. तुटलेली तार आणि वाळलेला कपडा यांतला फरक या सर्किटला कळत नाही; दोन्हींतून वीज वाहत नाही. दोन मोजे आणि एक बनियन एवढेच आत टाकले तरी हाच घोटाळा होतो, कारण एवढेसे कपडे पट्ट्यांना पुरेसे टेकतच नाहीत. उलट मोठ्या चादरीचा गोळा झाला तर बाहेरची घडी वाळते, पोटात पाणी राहते आणि यंत्र वरच्या घडीवर विश्वास ठेवून थांबते.

यंत्र थांबतच नसेल तर कारणे वेगळी. पट्ट्यांमध्ये नाणे किंवा तारेचा तुकडा अडकला असेल. साठ वर्षांचा कपॅसिटर गळका झाला असेल, म्हणजे भरतो त्याहून लवकर झिरपत असेल. टायमरची मोटर जळली असेल. अमेरिकेतून घरसामानाबरोबर आलेल्या यंत्रात आणखी एक गंमत असते. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची. दाब जुळवणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी हा आकडा बदलत नाही, म्हणून तासाचा टायमर इथे ७२ मिनिटे घेतो आणि पिंपही सावकाश फिरते.

मात्र मुरलेला मेकॅनिक यांतल्या कशालाही हात लावण्याआधी यंत्राच्या मागे जातो. तो पाहतो हवेची वाट. कपड्यांची गळालेली लव जाळीत, पंख्याच्या पात्यांवर आणि बाहेर जाणाऱ्या नळीत साचून वाट बुजली असेल, तर थर्मोस्टॅटच्या यंत्रात एक विचित्र साखळी सुरू होते. गरम हवा कपड्यांपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. हीटरजवळ उष्णता कोंडते आणि तिथली सुरक्षेची कळ हीटर बंद-चालू करत राहते. बाहेर जाणारी हवा हव्या त्या तापमानाला येतच नाही. थर्मोस्टॅट उघडत नाही, टायमर हलत नाही, यंत्र तासन्‌तास फिरत राहते. घरमालक म्हणतो, सेन्सर बिघडला. खरे तर सेन्सर प्रामाणिकपणे सांगत असतो की ओलावा अजून आत आहे. अशा वेळी नवा सेन्सर बसवणारा पैसे घेतो आणि आग लागण्याचा धोका तसाच ठेवून जातो.

मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींतली घरे ही अशी वाट बुजलेल्या यंत्रासारखी आहेत.

आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रेल्वेरुळांलगतच्या आणि रस्त्यांच्या आड येणाऱ्या झोपड्यांतल्या कुटुंबांना २२५ चौरस फुटांचे घर मिळाले. उंची नऊ फूट धरली तर त्या घरात सुमारे ५७ घनमीटर हवा मावते. २८ अंश तापमानाला ही सगळी हवा जास्तीत जास्त दीड लिटर पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. जुलैत तिची ८५ टक्के क्षमता आधीच भरलेली असते. उरते ती जागा पाव लिटरहून कमी. चार-पाच माणसांच्या कुटुंबाचे रोजचे धुणे, मग ते हाताने पिळलेले असो की सेमी-ऑटोमॅटिकच्या स्पिनरमधून काढलेले, दोन ते चार लिटर पाणी घेऊन दोरीवर चढते. ती दोरी घरातच असेल, तर पाव लिटरच्या जागेत चार लिटर कोंबायचे आहे. छताचा पंखा हवा फिरवतो, बाहेर काढत नाही. घरातली हवा दिवसात कितीतरी वेळा बदलली तरच हे पाणी जाईल. नाही बदलली, तर ते भिंतीत, गादीत, वह्या-पुस्तकांत आणि छातीत मुरेल.

कपाटातल्या त्या कुबट वासाचे कारणही आता माहीत आहे. जपानमधल्या काओ कंपनीच्या संशोधकांनी २०१२मध्ये दाखवून दिले की सावकाश वाळणाऱ्या कपड्यांच्या कुबट वासामागे मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू असतो. धुण्यात तो पुरता मरत नाही आणि कपडा फार वेळ ओला राहिला की पुन्हा वाढतो. ग्लासगोच्या मॅकिन्टॉश स्कूल ऑफ आर्किटेक्चरने गरीब वस्त्यांतली घरे तपासली, तेव्हा घरातल्या हवेतल्या ओलाव्यापैकी ३० टक्क्यांपर्यंत वाटा आत वाळणाऱ्या कपड्यांचा निघाला. ओलाव्याबरोबर बुरशी आणि धुळीतले सूक्ष्म किडे येतात, आणि त्यांच्यामागून दमा.

मानखुर्दची जमीन मुळातच ओली. एका बाजूला ठाण्याची खाडी, तिवरे, मिठागरांचा पट्टा. दुसऱ्या बाजूला १९२७पासून शहराचा कचरा पोटात घेणारे देवनार. शहराला जी माणसे वाटेतून हलवायची होती त्यांना या बाजूला आणून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. आणीबाणीत, १९७६च्या मे महिन्यात, अणुसंशोधन केंद्राशेजारची जनता कॉलनी पाडून तिथल्या हजारो कुटुंबांना चीता कॅम्पच्या दलदलीत पाठवले गेले. या पाडकामाविरुद्धच्या लढ्यातून झोपडपट्टीवासीयांचे संघटक जोकिन अर्पुथम यांचे नेतृत्व देशाला माहीत झाले. या शतकाच्या सुरुवातीला लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. रुळांलगतच्या झोपडीतून पक्क्या घरात येणे ही या कुटुंबांनी संघटनेच्या बळावर मिळवलेली गोष्ट आहे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. पण घर पक्के झाले, आणि हवा गेली.

हे टाळता आले असते, कारण त्याचे गणित मुंबईने शंभर वर्षांपूर्वी मांडून ठेवले होते. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतरच्या धास्तीत पथकांनी कौले काढून अंधाऱ्या खोल्यांत ऊन सोडले, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर खुणा केल्या. १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२मध्ये मुंबईच्या घरांतल्या उजेड आणि हवेवर व्याख्यान देऊन साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. राहत्या खोलीच्या खिडकीसमोर इतकी मोकळी जागा हवी की साडेत्रेसष्ट अंशांच्या तिरप्या रेषेने आकाशाचा उजेड खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत पोहोचावा. शाळेतल्या त्रिकोणमितीने पाहिले तर याचा अर्थ सोपा निघतो: समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मे अंतर मध्ये मोकळे हवे.

ट्रस्टचे गोडवे गाण्याचा इथे हेतू नाही. त्याने जितक्यांना बेघर केले तितक्यांना घरे दिली नाहीत, ही टीका तेव्हाही झाली आणि ती रास्त होती. पण नियम बरोबर होता, आणि कोणत्याही कारकुनाला फूटपट्टीने तपासता येईल इतका सोपा होता.

तोच नियम मानखुर्दला लावून पाहावा. नटवर पारेख कंपाउंडमध्ये तळमजल्यावर सात मजले आहेत. मजल्याला पावणेतीन मीटर धरले तरी उंची बावीस मीटर होते, म्हणजे दोन इमारतींमध्ये अकरा मीटर मोकळे हवेत. प्रत्यक्षात अंतर आहे साधारण तीन मीटरचे. एवढ्या अंतरात ऑर यांच्या नियमाने सहा मीटर उंचीची, म्हणजे तळमजला आणि वर एक मजला अशीच इमारत बसते. त्या तीन मीटरच्या बोळात वरून कचरा पडतो, डास होतात, समोरच्याच्या घरातले थेट दिसते. म्हणून लोक खिडकी लावून घेतात, आणि उरलीसुरली वाटही बुजते.

याचा परिणाम मोजला गेला आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मानखुर्द-गोवंडी पट्ट्यातल्या तीन वसाहती घेतल्या होत्या: लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी. पहिल्या दोन ठिकाणी क्षयाचे प्रमाण दहाला एक असे निघाले, पीएमजी कॉलनीत शंभराला एक. खालच्या, अंधाऱ्या मजल्यांवर धोका अधिक होता. तिन्ही ठिकाणची माणसे साधारण सारख्याच कमाईची, पाऊस तोच, खाडी तीच. पीएमजी कॉलनी जुनी. तिथल्या इमारती ठेंगण्या आणि एकमेकींपासून दूर आहेत. प्रयोगशाळेत मांडावा असा प्रयोग शहराने माणसांवर करून ठेवला आणि त्याचे उत्तरही हाती आले. आयआयटी मुंबईत रोनिता बर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा इमारतींतल्या वाऱ्याच्या प्रवाहांचा जो अभ्यास केला, त्याचाही रोख इमारतींच्या मांडणीकडेच होता.

ओल्या कपड्यांनी क्षय होत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण ज्या कारणाने कपडे वाळत नाहीत, त्याच कारणाने खोकल्यातून उडालेले जंतू त्या खोलीच्या हवेत तरंगत राहतात. बदलती हवा दोन्ही बाहेर नेते. ऊन दोन्हींचा समाचार घेते. म्हणून दोरीवर तीन दिवस ओला राहिलेला टॉवेल हा इमारतीत बसवलेला फुकटचा सेन्सर आहे. तो वीज मागत नाही, बिघडत नाही, आणि घरातली हवा बदलत नाही हे रोज सांगतो. आपण त्याचे ऐकण्याऐवजी कपड्यांवर सुगंधी पाणी शिंपडतो, इस्त्री फिरवून उरलेली ओल मारतो, भिंतीवरच्या बुरशीला रंगाचा हात देतो. ड्रायरच्या पट्ट्या पुसत बसणे आणि मागची बुजलेली नळी न पाहणे ते हेच.

मग प्रत्येक घरात ड्रायरच का देऊ नये, असा शहाणा प्रश्न येतो. मुंबईच्या २८ अंशांच्या, ८८ टक्के दमट हवेला ६० अंशांपर्यंत तापवले की तिची सापेक्ष आर्द्रता सतरा टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणून ड्रायर भर पावसातही काम करतो, यात शंका नाही. महालक्ष्मीच्या १८९०च्या धोबीघाटावरही, जिथे पीळ दिलेल्या दुहेरी दोरात चिमट्याविना कपडे खोचून वाळवण्याची रीत आहे, आता मोठी यंत्रे आली आहेत. धंद्याला ते परवडते. घरात मात्र एका खेपेला दोन-तीन युनिटे जातात, आणि पाणी नाहीसे होत नाही, फक्त वाफ होऊन नळीतून बाहेर पडते. तीन मीटरच्या बोळात सगळ्यांनी नळ्या सोडल्या, तर एकाची वाफ दुसऱ्याच्या खिडकीत जाईल. पाणी टाकीत गोळा करणारा कंडेन्सर ड्रायर आणला, तर सगळी उष्णता त्याच खोलीत राहते. यंत्रालाही शेवटी मोकळी हवा लागतेच.

जगात याची सोडवणूक झालेली नाही असे नाही. सिंगापूर मुंबईहून कमी दमट नाही आणि तिथेही माणसे उंच सरकारी इमारतींत राहतात. १९६०मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या गृहनिर्माण मंडळाने स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बांबू खोचायच्या खोबण्याच इमारतीत बसवल्या. धुणे वाळवणे हा नकाशाचा भाग झाला. स्कॉटलंडच्या बांधकाम नियमांत प्रत्येक घरासाठी कपडे वाळवण्याच्या जागेची तरतूद आहे. अमेरिकेत अनेक वसाहतींच्या नियमांनी अंगणातल्या दोऱ्यांवर बंदी घातली, तेव्हा व्हरमाँटने २००९मध्ये कायदा करून ती मोडीत काढली. आपल्या जुन्या चाळींनाही हे ठाऊक होते. लांब गॅलरी, छताजवळच्या दांड्या, दांडीवर सोवळे टाकायची काठी आणि सर्वांना खुली गच्ची ही सोय होती; तिला कोणी सुविधा म्हणत नव्हते एवढेच.

मानखुर्दमध्ये उभ्या असलेल्या इमारती पाडा, असे कोणी म्हणणार नाही. पण काही कामे लगेच होण्यासारखी आहेत. कुलूपबंद गच्च्या कठडे आणि दोऱ्या बसवून उघडाव्यात. इमारतींमधले बोळ रोज साफ व्हावेत, म्हणजे लोक खिडक्या उघडतील. जिन्याच्या माथ्यावर आणि लांब अंधाऱ्या पॅसेजच्या टोकांना भिंत असेल तिथे जाळी यावी, म्हणजे वारा आरपार जाईल. तळमजल्यावर दर इमारतीला एक सामायिक वाळवणखोली असावी आणि तिथला एक्झॉस्ट पंखा हवेतल्या ओलाव्यानुसार आपोआप चालू-बंद व्हावा. ड्रायरमधली ओलावा ओळखण्याची ती जुनी युक्ती इथे शंभर कुटुंबांच्या कामी येईल, आणि तिचा खर्च एका घराच्या ड्रायरहून फार मोठा नसेल. पॅसेजमध्ये आणि खालच्या मजल्यावरच्या घरांत आर्द्रता मोजून ते आकडे दवाखान्यातल्या क्षयाच्या नोंदींशेजारी ठेवले, तर कोणत्या इमारतीला आधी हात घालायचा तेही ठरवता येईल.

जमीन महाग आहे, मोकळ्या जागा सोडल्या तर तेवढ्या कुटुंबांना घरे कमी पडतील, हे उत्तर ठरलेले आहे. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. वाचवलेल्या आठ मीटर जागेची किंमत कोणीतरी मोजतेच: क्षयाच्या औषधांचे किमान सहा महिने, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा अनेकदा त्याहून लांब उपचार, बुडालेली मजुरी, शाळेतून घरी बसलेली मुले. हा खर्च बिल्डरच्या ताळेबंदात आणि प्राधिकरणाच्या अहवालात दिसत नाही, कारण तो रहिवाशांच्या खात्यावर टाकलेला असतो.

आणि प्रश्न जुन्या वसाहतींचाच उरलेला नाही. २०२४मध्ये राज्य सरकारने देवनारच्या क्षेपणभूमीची आणि मिठागरांची जमीन धारावीतल्या रहिवाशांच्या घरांसाठी देण्याचे ठरवले. म्हणजे ओल्या जमिनीवर हलवलेली माणसे वसवण्याचा पुढचा अंक याच बाजूला होणार आहे. त्या इमारतींच्या नकाशांवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने एवढेच करावे: प्रत्येक दोन इमारतींमधले अंतर मोजावे, उंचीला दोनाने भागावे, आणि अंतर कमी भरले तर नकाशा परत पाठवावा. याला नवे तंत्रज्ञान लागत नाही, नवी समितीही लागत नाही. नकाशातली रेघ खोडरबराने सरकते. इमारत एकदा उभी राहिली की तीन मीटरचे अकरा मीटर करण्याची युक्ती कोणत्याही दुरुस्तीवाल्याजवळ नाही.